दारातले दोन अंक

वन्सं गेल्याची चार ओळींची जाहिरात द्यायला मी आणि हे वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने आधी खुर्ची पुढे सरकवली, मग पाण्याचा ग्लास ठेवला आणि त्यानंतर कागद काढला. लहान चौकट, मोठी चौकट, फोटोसकट, रंगीत, असा तक्ता तिच्या मागच्या भिंतीवर टांगलेला होता. तिने त्याच्याकडे बोटसुद्धा केलं नाही. "नाव कसं लिहायचं तेवढं सांगा," म्हणाली. यांनी मजकूर सांगितला. तिने तो सावकाश, मोठ्याने परत वाचून दाखवला. वयात एक वर्ष चुकलं होतं, आणि ते यांचंच चुकलं होतं. तिने ते खोडून दुरुस्त केलं.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "मुलगी चांगली आहे."

मी म्हटलं, "चांगली असेलच. पण शिकवलेली आहे."

दुःखातल्या माणसाला मोठी चौकट दाखवायची नाही, त्याने विचारली तरच दाखवायची. आणि मजकूर मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय छापायला पाठवायचा नाही. हे दोन नियम वन्सं आमच्याकडे जेवायला आल्या की भाजी वाढून घेता घेता सांगायच्या. त्या मुलीला वन्संच्या नावाचा काही बोध झाला नाही. तिला शिकवणाऱ्या बाईंना वन्संनी शिकवलं असेल, किंवा त्या बाईंना शिकवणाऱ्या बाईंना. नियम पोचला होता, नाव वाटेत राहिलं होतं.

चार ओळींत माणूस किती मावणार? लग्न झाल्यापासून मी रोज वही लिहिते. कोण आलं, कोण गेलं, सकाळी देवासमोर बसताना काय मनात आलं, एवढंच. एका दिवसाला अर्धं पान मला पुरतं. वन्संसाठी जास्त पानं घेते आहे.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. नऊ वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "वेळ निघून गेली गं," आणि ते अशा सुरात की जणू पोस्टाची खिडकी बंद झाली. बाविसाव्या वर्षी त्या पेपराच्या जाहिरात विभागात कारकून म्हणून लागल्या. नवीन भरती झालेली मुलं दुकानं फिरून रडवेली होऊन परत यायची आणि पहिला पगार घेऊन पळायची. तेव्हा साहेबांनी वन्संना सांगितलं, या मुलांना जरा तयार करा. त्या तयार करण्यात त्यांची तीस वर्षं गेली. जाहिरात कशी मिळवायची, पेपर घरोघर कसा पोचवायचा आणि शाळांमध्ये पेपर कसा न्यायचा, हे तिन्ही विषय त्यांच्याकडे. गावोगावच्या शाखांत जायच्या, लॉजवर राहायच्या, एकट्या जेवायच्या. कचेरीत त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत. समोर नाही, पण त्यांना ठाऊक होतं.

त्यांची शिकवायची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एकदा त्या चष्मा आमच्याकडे विसरल्या म्हणून मी द्यायला गेले आणि मागच्या बाकावर बसून राहिले. खोलीत हातांची एक जुनी खुर्ची होती. तिला 'नाही-खुर्ची' म्हणत. वन्सं त्या खुर्चीत बसल्या की दुकानदार व्हायच्या, आणि शिकाऊ माणसाने दारातून आत येऊन त्यांना जाहिरात विकायची.

"नमस्कार मॅडम, मी अमुक पेपराकडून—"

"रद्दीवाला खाली बसतो."

सगळा वर्ग हसला. तो बिचारा लाल झाला.

"नाही, आमचा खप या भागात सर्वांत—"

"तो तुमच्या आईला सांगा, तिला आनंद होईल. मला हे सांगा, माझी पायरी चढून कोण येणार?"

मग वन्सं उठल्या आणि एकदम गोड आवाजात म्हणाल्या, "बाळा, मी विकते काय?"

"म्हणजे?"

"आत शिरलास, बसलास, तोंडाचा पट्टा सोडलास. दुकान कशाचं आहे ते बघितलंस का? फळ्यावर काय लिहिलंय?"

फळ्यावर खडूने चष्म्याचं चित्र काढलेलं होतं.

मग त्यांनी त्यांचा तीन नकारांचा नियम सांगितला. पहिला नकार व्यत्ययाला असतो, तुम्ही मध्येच टपकलात म्हणून. दुसरा वस्तूला असतो. तिसरा मात्र खरा. तिसऱ्या नकारानंतर आभार मानून उठायचं. पण पहिल्यालाच जो उठतो, तो विचारायला आलेलाच नव्हता.

हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. तरी दर सणावाराला, सुटीला मी वन्संना "या ना चार दिवस राहायला" म्हणायचे, त्या "नको गं" म्हणायच्या, आणि मी "बरं" म्हणायचे.

शाळांचं काम त्यांचं सगळ्यांत लाडकं. महिन्यातून एका शनिवारी शिक्षक यायचे. वन्सं प्रत्येकाच्या हातात कालचा पेपर आणि कात्री द्यायच्या. मुलांनी पेपरात अशी एक गोष्ट शोधायची की जी शाळेतून चालत जाऊन बघता येईल. फुटलेली जलवाहिनी, नवं वाचनालय, कुणाचं हरवलेलं कुत्रं. एका गुरुजींनी विचारलं, "पण यात धडा कुठला?" वन्सं म्हणाल्या, "आज सकाळी आलेला." साहेब मात्र या कामाच्या कागदावर दर वर्षी लिहायचे, 'ही मुलं उद्याचे ग्राहक'. वन्सं 'ग्राहक' खोडून 'वाचक' करायच्या. साहेब परत 'ग्राहक' करायचे. वन्सं निवृत्त होईपर्यंत हा सामना चालू होता. शेवटची खाडाखोड कुणाची, ते मला माहीत नाही.

आणि मग बेलचा नियम.

सुरुवातीच्या वर्षांत वितरणाचं काम समजून घ्यायला वन्सं पहाटे पेपर टाकणाऱ्यांबरोबर फिरायच्या. एका इमारतीत एका दारासमोर अंकांचा ढीग होता. वन्संनी मोजले, नऊ. पेपर टाकणारा दहावा टाकून पुढे निघाला. वन्संनी बेल वाजवली, मग शेजारच्यांना उठवलं. आत एक निवृत्त गृहस्थ होते. नऊ दिवसांपूर्वीच गेले होते. कचेरीच्या यादीत मात्र त्यांच्या नावापुढे 'चालू' असंच लिहिलेलं.

त्या दिवशी वन्सं कचेरीतून थेट आमच्याकडे आल्या. तेव्हा माझं नवीनच लग्न झालेलं. चहाचा कप हातात धरून बसल्या, प्यायल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "नऊ दिवस रोज एक माणूस त्यांच्या दारापर्यंत जात होता."

दुसऱ्या दिवसापासून वितरणाच्या शिकवणीत नियम आला. दारात दोन अंक साठले की बेल वाजवायची. थांबून थांबून तीनदा. दार उघडलं नाही तर शेजारी विचारायचं. शेजाऱ्याला ठाऊक नसेल तर कुणाला तरी कळवल्याशिवाय घरी जायचं नाही. वितरणाचे साहेब म्हणाले, "बाई, आपण पेपर टाकतो. माणसं मोजत नाही." वन्सं म्हणाल्या, "माणूस नसेल तर पेपर कुणाला टाकता?" नियम राहिला.

वन्सं निवृत्त झाल्या आणि तिसऱ्या मजल्यावरची खोली मोडक्या खुर्च्या ठेवायला गेली. शिकवणी मोबाइलवर आली. बटण दाबून पुढे सरकवली तरी झाली असं धरतात म्हणे. पेपर वाटायचं काम ठेकेदाराला दिलं. वन्सं दोन खोल्यांच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर, एकट्या. आमच्या घरापासून दोन बस बदलाव्या लागतात. फार लांब नाही, पण जायचं टाळायला पुरे.

त्यानंतर दोन वर्षांनी, एका गुरुवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. माझे दोन स्टीलचे डबे त्यांच्याकडे राहिले होते, ते आणायला. जिना चढून वर आले आणि पाहते तो दारात चार अंक.

मी बेलवर बोट ठेवलं ते काढलंच नाही.

दार लगेच उघडलं, जणू वन्सं पलीकडे उभ्याच होत्या.

"अगं, हळू! जळेल ती बेल."

"वन्सं! हे पेपर—"

"हात लावू नकोस त्यांना!"

"मला वाटलं..."

"काय वाटलं, मेले? चार दिवस झाले मला मरून. अजून कुणी चौकशी केली नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू धरायची नाहीस. तू घरची. आणि डब्यांसाठी आलीस."

मी पेपर ओलांडून आत गेले.

वन्संनी परीक्षा लावली होती. नियम अजून पाळतात का, ते बघायला सोमवारपासून दारातला पेपर उचलला नव्हता. बाहेर पडल्या तर पेपर ओलांडावे लागतील, कुणी बघितलं तर परीक्षा फसेल, म्हणून चार दिवस घरातच. दूध संपलं होतं, कोरा चहा आणि बिस्किटं चालली होती. टेबलावर त्यांच्या वळणदार अक्षरात कागद होता. 'सोमवार, ५.५२. पाऊल थांबलं नाही. मंगळवार, ५.४८. थांबलं, पण खोकायला. बुधवार, ५.५०. नाही. शेजारचे गृहस्थ दोनदा गेले. उभ्या उभ्या मथळे वाचले. गुरुवार, ५.५१. नाही.'

मी हसायला लागले आणि हसता हसता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. यांना फोन करून कळवलं, आज इथेच राहते.

दूध आणायला मी दबकत, पेपर न हलवता खाली गेले. संध्याकाळी दोघी बसलो होतो. वन्सं म्हणाल्या, "अजून रोज देवाला माझं नाव सांगतेस?"

"रोज. एकही दिवस चुकला नाही."

"मग कधीतरी मलाही सांगत जा ना. त्याच्याकडून मला काही निरोप येत नाही."

चेष्टाच होती ती. मी मनात दिवस मोजले. अकरा दिवस मी त्यांना फोन केला नव्हता. अकरा दिवस सकाळी मात्र सगळ्यांबरोबर त्यांचंही नाव घेतलं होतं, डोळे मिटून, मनापासून.

पहाटे आम्ही दोन खुर्च्या दाराच्या आत मांडून बसलो. वन्संचे हात मांडीवर, एकमेकांत घट्ट. मला कळलं की ही पेपरवाल्याची परीक्षा नव्हतीच. आपण पडून राहिलो तर किती दिवस पडून राहू, हे त्यांना कळायला हवं होतं.

जिन्यावर पाऊल वाजलं. पेपर पडला. पाऊल थांबलं. वन्संनी माझं मनगट धरलं. बाहेर कुणीतरी वाकलं, कागदांचा आवाज झाला, कडा जमिनीवर आपटून सारख्या केल्याचा आवाज. मग पाऊल खाली निघालं.

"रचून ठेवले," वन्सं हळूच म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा पडला की मी तो कधी पाहिला नव्हता.

मग एकदम उठल्या, दार उघडलं आणि अनवाणी जिना उतरल्या. "अहो! थांबा!"

पन्नाशीचा माणूस, गळ्यात तपकिरी मफलर. दचकला. "मॅडम, पेपर पसरले होते, कुणाचा पाय घसरेल म्हणून मी—"

"पाच दिवस पसरले होते. तुम्हाला काय वाटलं?"

"वाटलं, बाहेरगावी गेला असाल."

"बाहेरगावी जाणारा पेपरवाल्याला काय सांगतो?"

"बंद ठेवा म्हणून."

"मी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग?"

तो विचार करत उभा राहिला. "मग... तुम्ही आत होतात."

"मग?"

त्याने उरलेले पेपर काखेत घट्ट धरले. नंतर म्हणाला, "मॅडम, आम्हाला बेल वाजवू नका असं सांगितलंय. पहाटे बेल वाजली की लोक तक्रार करतात."

वन्संचा राग तिथेच उतरला. "तुमच्यासारखे किती जण आहात?"

"डेपोवर बावीस."

"गठ्ठे किती वाजता येतात?"

पुढच्या सोमवारी पहाटे वन्सं डेपोवर गेल्या. ते मला मफलरवाल्यांनीच नंतर सांगितलं. पेपराच्या गठ्ठ्यावर बसून त्यांनी बावीस जणांना नियम शिकवला. ठेकेदार म्हणाला, "बाई, कामाच्या वेळी नको." वन्सं म्हणाल्या, "हातांना काम करू दे, कान मोकळेच आहेत." तो म्हणाला, "यात माझा काय फायदा?" वन्सं म्हणाल्या, "उद्या गावभर बोललं जाईल की तुमचा माणूस नऊ दिवस मेलेल्याच्या दारात पेपर टाकत होता. ते नको असेल तर." तो म्हणाला, "आणि तक्रार आली तर?" "माझ्याकडे पाठवा." मग तो हसला. वन्संनी आपला फोन नंबर डेपोच्या भिंतीवर खडूने मोठा लिहून दिला. एखाद्या घरी कुणी दार उघडत नाही असं झालं तर या नंबरावर कळवायचं.

त्यानंतर मी रविवारी फोन करू लागले. पाच-सहा महिने नेमाने केला. वन्सं डेपोच्या गमती सांगायच्या. मफलरवाल्यांनी एका घरी बेल वाजवली तर आतून नवरा-बायको भांडत बाहेर आले, पेपर कुणी उचलायचा यावरूनच ते भांडण होतं. मग माझा गुडघा दुखायला लागला, मग पाहुणे झाले, मग एक रविवार चुकला. चुकलेल्याची सवय लवकर लागते.

त्या बुधवारच्या वहीत माझ्या हातचं असं आहे: 'सकाळची प्रार्थना झाली. सगळ्यांची नावं घेतली. मन शांत.' डॉक्टर म्हणाले, वन्सं त्याच पहाटे गेल्या. झोपेतच, हृदय बंद पडून.

गुरुवारी पहाटे मफलरवाले जिना चढले. दारात कालचा अंक होता. त्यांनी आजचा हातातच ठेवला आणि बेल वाजवली. हे सगळं त्यांनी मला त्या दारातच उभं राहून सांगितलं.

"पहिल्यांदा वाजवली आणि मला हसू आलं हो. म्हटलं, मॅडमनी परत परीक्षा लावली. दाराला तोंड लावून म्हणालो, मॅडम, वाजवली बघा. पास ना? थोडं थांबलो. परत वाजवली. तिसऱ्यांदा वाजवली. शेजारचे साहेब बाहेर आले, म्हणाले, त्या असं करतात, तुम्ही जा. मीही दोन पायऱ्या उतरलो. मग आठवलं, कळवल्याशिवाय घरी जायचं नाही. कळवायचं कुणाला? भिंतीवरचा नंबर पाठ होता. तो लावला."

इथे ते मफलरचं टोक बोटाला गुंडाळू लागले.

"आतच वाजायला लागला फोन. वाजत राहिला, वाजत राहिला. मग मी शेजारच्या साहेबांना म्हटलं, ही परीक्षा नाही."

दार फोडलं. शेजाऱ्यांकडे आमचा नंबर होता, वन्संनीच दिलेला. सव्वासातला आमच्याकडे फोन आला. मी देवासमोर बसले होते, वन्संच्या नावापर्यंत अजून आले नव्हते.

मफलरवाल्यांनी मला विचारलं, "मी हसलो नसतो, दहा मिनिटं आधी हललो असतो, तर?"

मी म्हटलं, "दादा, त्या आदल्या दिवशीच गेल्या होत्या. आदल्या दिवशी यायला हवं होतं ते तुम्ही नाही, आम्ही."

"मग पास का मी?"

"हो. पास."

त्यांनी मान हलवली, हातातला गुरुवारचा अंक बुधवारच्या अंकावर ठेवला, कडा सारख्या केल्या आणि दोन्ही माझ्या हातात दिले. दोन. नऊ नाही. ते अंक माझ्या कपाटात आहेत. घडी मोडलेली नाही.

आता सकाळी देवासमोर बसले की माझा वेळ पूर्वीपेक्षा जास्त जातो. एकटं राहणाऱ्याचं नाव आलं की मी उठून फोन लावते. आज माझ्या मावशीला लावला. मावशी ऐंशीची, तीही एकटीच.

"काय गं, सकाळी सकाळी? कोण गेलं?"

"कुणी नाही मावशी. सहज."

"सहज कसला? कामात आहे मी, ठेव."

मी ठेवला नाही. म्हटलं, "कसलं काम करतेस ते तरी सांग."